पृथ्वीराज कपूर : पेशावरहून मुंबईला आलेला नट



मोठेपणी कोण व्हायचंय, हा प्रश्न आपण वर्गात दरवर्षी विचारतो. पूर्वी डॉक्टर, पोलीस, शिक्षक अशी उत्तरं यायची. आता चौथी-पाचवीच्या वर्गातसुद्धा दोन-तीन हात असे वर येतात की मला हिरो व्हायचंय, मला हिरॉईन व्हायचंय. मग बाकीची मुलं हसतात. घरी हेच उत्तर दिलं तर आई-बाबा एक तर हसण्यावारी नेतात, नाहीतर रागावतात. मनात भीती एकच असते की उद्या हे पोर शिक्षण सोडून मुंबईला पळालं तर काय करायचं?

अशा वेळी मुलांना एका माणसाची गोष्ट सांगावी असं मला वाटतं. त्याचं नाव आहे पृथ्वीराज कपूर. आजच्या मुलांना रणबीर कपूर, करीना कपूर माहीत असतात. पण या घराण्यातला पहिला माणूस मुंबईत आला तेव्हा इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. राहायला घर नव्हतं, हातात काम नव्हतं आणि खिशातले पैसे उसने होते. हा निबंध मुलांना वाचून दाखवता येईल. पालकसभेतही त्यावर बोलता येईल.

जन्म आणि बालपण

पृथ्वीराज यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ रोजी समुंद्री या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या पंजाबातल्या लायलपूर जिल्ह्यात होतं. आज ते पाकिस्तानात आहे आणि लायलपूरला आता फैसलाबाद म्हणतात. वडील बशेश्वरनाथ पोलीस खात्यात नोकरीला होते. पृथ्वीराज अगदी लहान असतानाच त्यांची आई वारली. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे पेशावर हे त्यांचं गाव झालं. पेशावर म्हणजे अफगाणिस्तानच्या सीमेजवळचं जुनं व्यापारी शहर. तिथल्या किस्सा ख्वानी बाजाराजवळ कपूरांची मोठी हवेली होती. किस्सा ख्वानी म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांचा बाजार. दूरदूरचे प्रवासी तिथं उतरायचे आणि गोष्टी सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. पुढे आयुष्यभर रंगमंचावरून गोष्ट सांगणारा माणूस अशा बाजाराशेजारी वाढला, हे मुलांना सांगितलं की त्यांना मजा वाटते.

घरची परिस्थिती चांगली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पृथ्वीराज यांचं लग्न लवकर, म्हणजे विशीच्या आतच झालं. पत्नीचं नाव रामसरनी. १४ डिसेंबर १९२४ रोजी त्यांना पहिला मुलगा झाला. हाच पुढचा राज कपूर.

कॉलेज आणि नाटक

पृथ्वीराज पेशावरच्या एडवर्ड्स कॉलेजात शिकले आणि पदवीधर झाले. १९२० च्या दशकात पदवी घेतलेला तरुण म्हणजे मोठीच गोष्ट होती. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण याच कॉलेजात त्यांना नाटकाचा नाद लागला. तिथले प्राध्यापक जय दयाल यांनी त्यांच्यातला नट ओळखला आणि त्यांना कॉलेजच्या नाटकांतून उभं केलं. उंच, भरदार शरीर आणि खणखणीत आवाज या देणग्या निसर्गाच्या होत्या. पण शब्द कसा उच्चारायचा, रंगमंचावर उभं कसं राहायचं, दुसरा बोलत असताना आपण काय करायचं, हे शिकवावं लागतं. ते त्यांना कॉलेजात शिकायला मिळालं.

इथं आपण शिक्षकांनी थोडं थांबायला हवं. एका शिक्षकानं एका मुलातला गुण पाहिला, एवढ्यावरूनच ही गोष्ट सुरू झाली. आपल्या स्नेहसंमेलनात तीन मिनिटांची नाटिका बसवताना आपल्याला ती एक जादा डोकेदुखी वाटते. पण समोरच्या मुलांपैकी एखाद्याला आपण काय करू शकतो हे त्या तीन मिनिटांत पहिल्यांदा कळत असेल.

पदवीनंतर पृथ्वीराज कायदा शिकू लागले. पण त्यात मन रमलं नाही आणि ते शिक्षण पूर्ण झालं नाही.

मुंबईकडे

१९२८ साली त्यांनी मुंबई गाठायचं ठरवलं. वय होतं २१ वर्षं. घरी बायको आणि लहान मुलं. नात्यातल्या एका बाईंकडून पैसे उसने घेतले आणि ते निघाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबई ते पेशावर अशी फ्रंटियर मेल ही गाडी सुरू झाली होती. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. आज मुलांना नकाशात पेशावर दाखवलं तर मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा येते. तेव्हा एकाच देशातल्या एका टोकाहून निघून दुसऱ्या भागात उतरायचं, एवढंच होतं.

त्या काळी सिनेमात काम करणं घरंदाज लोकांना कमीपणाचं वाटायचं. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार झाली नव्हती. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषानं ती भूमिका केली. १९२८ पर्यंत परिस्थिती थोडी सुधारली होती, पण फार नाही. पोलीस खात्यातल्या माणसाचा पदवीधर मुलगा नट व्हायला निघाला, हे त्या घराला पचायला सोपं नव्हतं.

पृथ्वीराज अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेले. ही मुंबईतली तेव्हाची मोठी कंपनी. तिथं त्यांनी सुरुवात केली ती एक्स्ट्रा म्हणून, म्हणजे गर्दीत उभं राहणाऱ्यांपैकी एक म्हणून. कॉलेजात मुख्य भूमिका केलेला तरुण इथं गर्दीत उभा राहिला. तिथं त्यांना कमीपणा वाटला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण लवकरच त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि 'सिनेमा गर्ल' या मूकपटात त्यांना नायकाचं काम मिळालं.

तेव्हा सिनेमा मुका होता ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पडद्यावर कुणी बोलतच नसे, त्यामुळे नट कुठल्या भाषेचा आहे याला महत्त्व नव्हतं. पेशावरचा, बंगालचा, गुजरातचा, कोल्हापूरचा, कुणीही चाले. मुंबईत देशभरातली माणसं या धंद्यात आली त्याचं हे एक कारण होतं.

मग सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा आपल्याकडचा पहिला बोलपट लागला. तो इंपीरियल कंपनीचाच होता आणि त्यात पृथ्वीराज यांनाही भूमिका होती. स्टुडिओ रेल्वेलाइनजवळ असल्यामुळे गाड्यांचा आवाज टाळायला रात्री चित्रीकरण करावं लागे. बोलपट आला आणि मूकपटातल्या अनेक नट-नट्यांची कामं गेली. दिसायला छान, पण भाषा येत नाही, आवाज नाही, अशांची पंचाईत झाली. पृथ्वीराज यांना मात्र उलट फायदा झाला. कॉलेजच्या नाटकात कमावलेला आवाज इथं उपयोगी पडला. शिकलेलं वाया जात नाही असं आपण मुलांना नेहमी सांगतो, त्याचं हे उदाहरण.

दुःखाचं वर्ष

हे सगळं वाचताना असं वाटेल की आले आणि यशस्वी झाले. तसं नाही. १९३० च्या सुमाराला रामसरनी मुलांना घेऊन मुंबईला आल्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे 'आलम आरा' आला त्याच १९३१ साली, त्यांची दोन लहान मुलं काही दिवसांच्या अंतरानं गेली. एक न्यूमोनियानं आणि दुसरं उंदराच्या विषारी गोळ्या चुकून तोंडात घातल्यानं. रामसरनी तेव्हा गरोदर होत्या. ऑक्टोबर १९३१ मध्ये शम्मी कपूर यांचा जन्म झाला.

परक्या शहरात, माहेर-सासर दोन हजार किलोमीटर लांब असताना एका आईनं हे कसं सोसलं असेल? मोठ्या माणसांच्या चरित्रात हा भाग आपण दोन ओळींत उरकतो. पण गाव सोडून शहरात येण्याची किंमत जो येतो त्याच्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही मोजावी लागते. आपल्या वर्गात कामासाठी गाव सोडून आलेल्या घरांतली मुलं असतात, त्यांना हे सांगावं लागत नाही.

नाटक कंपनी आणि कलकत्ता

यानंतर पृथ्वीराज यांनी एक वेगळंच पाऊल उचललं. सिनेमात जम बसत असताना ते ग्रँट अँडरसन या इंग्रज नटाच्या नाटक कंपनीत सामील झाले. ही कंपनी गावोगाव फिरून इंग्रजीतून शेक्सपियरची नाटकं करायची. पैसा फारसा नव्हता, पण शिकायला भरपूर होतं. फिरत फिरत कंपनी कलकत्त्याला पोहोचली आणि तिथं बंद पडली. पुन्हा परकं शहर, पुन्हा हात रिकामे.

पण कलकत्ता तेव्हा सिनेमाचं दुसरं मोठं केंद्र होतं. न्यू थिएटर्स ही नावाजलेली कंपनी तिथली. दिग्दर्शक देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या बोलपटांत पृथ्वीराज यांनी काम केलं. 'सीता'मध्ये ते राम होते आणि सीता होत्या आपल्या दुर्गा खोटे. 'राजरानी मीरा'मध्येही मीरेची भूमिका दुर्गाबाईंचीच होती. १९३७ च्या 'विद्यापती'मुळे त्यांचं नाव आणखी वाढलं. धाकटे चिरंजीव शशी कपूर यांचा जन्म १९३८ साली कलकत्त्यातच झाला.

१९३९ च्या सुमारास ते मुंबईला परतले. माटुंग्याला घर केलं. १९४१ साली सोहराब मोदी यांचा 'सिकंदर' आला. पृथ्वीराज सिकंदर झाले आणि सोहराब मोदी पोरस. रुखसानाच्या भूमिकेत वनमालाबाई होत्या. याच वनमालाबाई पुढे १९५३ साली आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'मध्ये आई झाल्या. 'सिकंदर'नं पृथ्वीराज यांना घराघरात पोहोचवलं. मुंबईत पाऊल ठेवल्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं! आपल्याला मात्र मुलाचा निकाल पहिल्या चाचणीत हवा असतो.

पृथ्वी थिएटर्स

आता इथं बहुतेकांनी काय केलं असतं? एकामागून एक सिनेमे घेतले असते, बंगला बांधला असता. पृथ्वीराज यांनी १५ जानेवारी १९४४ रोजी पृथ्वी थिएटर्स ही फिरती नाटक कंपनी काढली.

मराठी माणसाला नाटक कंपनीचं नवल नाही. किर्लोस्कर मंडळींपासून आपल्याकडे ती परंपरा होती. पण हिंदीत त्या वेळी चांगलं, आजच्या जगण्याशी जोडलेलं नाटक करणारी कायमची व्यावसायिक कंपनी जवळजवळ नव्हतीच. पारशी नाटक कंपन्या बोलपटानं मागे पडल्या होत्या. अशा काळात त्यांनी हे धाडस केलं.

पहिलं नाटक 'शकुंतला'. त्यानंतर १९४५ मध्ये 'दीवार' आलं. एका घरात भाऊ गुण्यागोविंदानं राहत असतात. परकी माणसं येतात, भावाभावांत फूट पडते आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहते. शेवटी ती भिंत पाडली जाते. फाळणी व्हायच्या दोन वर्षं आधीचं हे नाटक! देशात खरी भिंत उभी राहिली ती मात्र कुणाला पाडता आली नाही. स्वतः पृथ्वीराज यांचं गाव, त्यांचं पेशावर, त्या भिंतीच्या पलीकडे गेलं. 'पठाण' नाटकात एक पठाण आपल्या हिंदू मित्राच्या मुलाला वाचवायला स्वतःच्या मुलाचा बळी देतो. त्यानंतर 'गद्दार', 'आहुती', 'कलाकार', 'पैसा', 'किसान' ही नाटकं आली. जवळजवळ सगळी नाटकं समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवणारी होती.

कंपनी १६ वर्षं चालली. देशभरातल्या शंभराहून जास्त ठिकाणी मिळून २,६६२ प्रयोग झाले आणि प्रत्येक प्रयोगात पृथ्वीराज स्वतः उभे होते. हे गणित मुलांना घालून बघा. २,६६२ भागिले १६ केलं तर वर्षाला सरासरी १६६ प्रयोग येतात. म्हणजे सोळा वर्षं, साधारण दर दोन-सव्वादोन दिवसांनी एक प्रयोग. आजारपण, प्रवास, सिनेमाचं चित्रीकरण हे सगळं सांभाळून!

प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहायचे. बाहेर पडणारे प्रेक्षक त्यात जमेल तेवढे पैसे टाकायचे. हा पैसा दुष्काळग्रस्त, निर्वासित अशा गरजूंसाठी जायचा. थोड्या वेळापूर्वी ज्याला टाळ्या वाजवल्या तो नट झोळी घेऊन उभा आहे, हे दृश्य त्या काळच्या लोकांच्या कायमचं लक्षात राहिलं.

याच कंपनीत झोहरा सहगल आणि त्यांची बहीण उझरा यांनी काम केलं. पुढे प्रसिद्ध झालेले संगीतकार शंकर आणि जयकिशन इथंच वादक होते. 'रामायण' मालिका करणारे रामानंद सागर इथं लेखक होते. राज, शम्मी आणि शशी हे तिघेही इथंच शिकले. शम्मी कपूर कंपनीत आले तेव्हा मालकाचा मुलगा म्हणून वेगळी वागणूक नव्हती. महिना ५० रुपये पगारावर कनिष्ठ कलाकार म्हणून सुरुवात झाली. आपल्या मुलांना सगळं आयतं देणाऱ्या आपल्या पिढीनं यावर जरा विचार करावा.

मोजलेली किंमत

नाटकातून पैसा सुटत नव्हता. एवढ्या माणसांचे पगार, प्रवास, नेपथ्य हा खर्च भागवायला पृथ्वीराज सिनेमात कामं करायचे आणि तिथं मिळवलेलं नाटकात घालायचे. १९५१ साली राज कपूर यांच्या 'आवारा'त ते न्यायाधीश रघुनाथ झाले. याच सिनेमात त्यांचे वडील बशेश्वरनाथही न्यायाधीशाच्या छोट्या भूमिकेत आहेत. पेशावरच्या घरातला मुलगा नट व्हायला निघाला, त्याला तेवीस वर्षं झाली होती. आणि आता वडील, मुलगा आणि दोन नातू एकाच सिनेमात होते. लहानपणीच्या राजची भूमिका शशीनं केली आहे.

आपल्या 'पैसा' या नाटकावरून १९५७ साली त्यांनी स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला. त्या काळात त्यांचा आवाज बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा खुलला नाही. ज्या आवाजानं बोलपटात त्यांना तारलं, तोच आवाज हजारो प्रयोगांनी झिजला. १९६० च्या मे महिन्यात पृथ्वी थिएटर्स बंद झालं.

आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात 'मुघल-ए-आझम' लागला. त्यातला अकबर आजही लोकांना पाठ आहे. अकबर म्हटलं की डोळ्यांसमोर पृथ्वीराजच येतात. ज्या वर्षी आपली सोळा वर्षांची कंपनी मिटली, त्याच वर्षी त्यांना देशभर सर्वांत मोठी लोकप्रियता मिळाली. मुलांना विचारा, त्या माणसाला त्या वर्षी आनंद झाला असेल की दुःख? उत्तर एकच येणार नाही आणि यायलाही नको.

मानसन्मान आणि अखेर

१९५२ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि १९६० पर्यंत ते खासदार होते. १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. २९ मे १९७२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. सोळा दिवसांनी, १४ जूनला रामसरनीही गेल्या. १९७१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार पृथ्वीराज यांना मरणोत्तर देण्यात आला.

नाटकासाठी स्वतःची वास्तू असावी हे त्यांचं स्वप्न अपुरं राहिलं होतं. ते शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी पूर्ण केलं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालं. तिथं पहिलं नाटक झालं ते गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', म्हणजे एका मराठी लेखकाचं. आजही गावोगावहून आलेली मुलं-मुली तिथं नाटक करायला धडपडत असतात.

वर्गात आणि घरी काय बोलावं?

ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्या. पळून जा आणि नशीब काढा असा अर्थ मुलांनी घेऊ नये. पृथ्वीराज निघाले ते पदवी घेऊन, कॉलेजात नाटकाचा सराव करून, वयाच्या २१ व्या वर्षी. आणि त्यांच्याबरोबर गर्दीत उभे राहिलेले कितीतरी जण आयुष्यभर गर्दीतच राहिले. त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. हेही मुलांना सांगायला हवं.

पालकांसाठी एवढंच सांगेन. मूल अभिनय करायचा म्हणालं तर लगेच हसू नका आणि लगेच हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नका. शाळेच्या नाटकात काम करू द्या. मोठ्यानं वाचायला लावा. पाठांतर, उच्चार, वेळेवर तालमीला जाणं यात ते किती टिकतं ते बघा. नाद खरा असेल तर तो टिकेल आणि नसेल तरी चांगलं वाचणं-बोलणं पदरात पडेल.

मुलांसाठी उपक्रम

१. अविभाजित भारताच्या नकाशात समुंद्री, पेशावर, मुंबई आणि कलकत्ता दाखवा आणि पृथ्वीराज यांचा प्रवास रेषेनं जोडा.
२. मूकपटात काम करणं आणि बोलपटात काम करणं यात काय फरक पडतो? एक प्रसंग आधी न बोलता आणि मग बोलून करून दाखवा.
३. 'दीवार' नाटकातल्यासारखी घरात भिंत बांधायची वेळ आली तर तुम्ही काय कराल? गटात चर्चा करा.
४. तुमच्या घरातलं कोण कामासाठी गाव सोडून शहरात आलं? त्यांच्याशी बोला आणि दहा ओळी लिहा.

चौथा उपक्रम नक्की घ्या. त्या दहा ओळी वाचताना वर्ग शांत होतो आणि नट होणारी, न होणारी सगळीच मुलं एकमेकांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागतात.